नजर धूसर झाली, मग व्हीडीआरएल का नाही? एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांनी विचारायलाच हवा असा प्रश्न

रक्तपेढीत जमा होणारी रक्ताची प्रत्येक पिशवी पाच आजारांसाठी तपासली जाते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, मलेरिया आणि सिफिलिस. हा नियम देशभर आहे. सेवाग्रामला रक्त द्या, सावंगीला द्या किंवा गावातल्या गणेश मंडळाच्या शिबिरात द्या, तुमची पिशवी सिफिलिसच्या चाचणीतून गेल्याशिवाय कुणाला चढवली जात नाही.

आता दुसरा माणूस बघा. त्याला एचआयव्ही आहे, गोळ्या नियमित चालू आहेत आणि गेल्या आठवड्यापासून एका डोळ्याने धूसर दिसते आहे. त्याच्या रक्ताची हीच चाचणी होईल का? ते समोरच्या डॉक्टरला त्या क्षणी सुचते की नाही, यावर अवलंबून आहे. पिशवीसाठी नियम आहे, माणसासाठी मात्र नशीब. हे उलटे आहे आणि ते बदलायला फार पैसा लागत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी आधी हा आजार डोळ्यात काय करतो ते पाहू.

सिफिलिसचा डोळ्याशी काय संबंध?

सिफिलिस म्हणजे आपल्याकडे ज्याला 'गरमी' किंवा उपदंश म्हणतात तो आजार. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला 'फिरंग रोग' म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांसोबत आला अशी समजूत होती. गंमत म्हणजे युरोपातही हेच चालले होते. इटलीवाले त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. हा आजार आपला आहे, असे कुणीच म्हणत नव्हते. आजही कुणी म्हणत नाही आणि अर्धी अडचण तिथेच आहे.

त्याचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम, हा १९०५ मध्ये सापडला. मळसूत्रासारखा पिळदार, अतिशय बारीक. लैंगिक संबंधातून किंवा गरोदर आईकडून बाळाला तो लागतो. पहिल्या टप्प्यात एक जखम होते, जी बहुतेक वेळा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. दुखत नाही म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. पुढच्या टप्प्यात अंगावर, तळहातावर, तळपायावर चट्टे येतात. तेही जातात. मग आजार अंगात वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो.

पण जंतू जखमेपुरता थांबत नाही. तो रक्तातून सगळीकडे जातो, डोळ्यातही. यात लोकांचा, आणि कधी कधी डॉक्टरांचाही, एक गैरसमज असतो की डोळ्यावर परिणाम म्हणजे फार जुना, शेवटच्या टप्प्यातला सिफिलिस. तसे नाही. डोळ्याचा सिफिलिस कोणत्याही टप्प्यात होऊ शकतो, लागण होऊन थोडाच काळ लोटला असतानाही.

डोळ्यात सगळ्यात जास्त दिसतो तो युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराची सूज. कधी पुढच्या भागात, कधी मागच्या, कधी पूर्ण डोळाभर. पडदा सुजतो किंवा डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुजते. नेत्रतज्ज्ञांमध्ये सिफिलिसला 'बहुरूपी' म्हणायची पद्धत आहे. टीबी, टॉक्सोप्लाझ्मा, नागीणीच्या कुळातले विषाणू, यांच्यासारखाच तो दिसू शकतो. आपल्या देशात युव्हिआयटिस दिसला की पहिला संशय टीबीवर जातो. त्यात चूक काही नाही, टीबी आपल्याकडे आहेच. पण यादीत पहिले नाव टीबीचे असल्यामुळे दुसऱ्या नावापर्यंत पोहोचायला उशीर होऊ नये.

एचआयव्ही असेल तर धोका का वाढतो?

पहिले कारण साधे आहे: दोन्ही आजारांचा रस्ता एकच. शिवाय सिफिलिसची जखम असेल तर एचआयव्हीची लागण होणे सोपे जाते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये सिफिलिस डोळ्यात आणि मज्जासंस्थेत शिरण्याचे प्रमाण अधिक दिसते, आणि कधी कधी दोन्ही डोळे एकदम बाधित होतात.

आता इथे एक फसवा भाग आहे. एचआयव्हीमध्ये डोळ्याचा सगळ्यात कुप्रसिद्ध आजार म्हणजे सीएमव्ही रेटिनायटिस. तो साधारणपणे सीडी४ पेशी ५०च्या खाली गेल्यावर होतो. त्यामुळे 'सीडी४ चांगला आहे, म्हणजे डोळ्याला धोका नाही' असे गणित अनेकांच्या डोक्यात बसलेले असते. सिफिलिसला हे गणित लागू नाही. सीडी४ ६०० असतानाही तो डोळ्यात येऊ शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. नियमित एआरटी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडण्याइतका उरला नाही, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे विज्ञान पक्के आहे आणि लाखो जोडप्यांना त्याने मोकळा श्वास दिला आहे. पण टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिरची ती रोजची एक गोळी एचआयव्हीवर चालते, सिफिलिसवर नाही. व्हायरल लोडचा रिपोर्ट सिफिलिसबद्दल अवाक्षर सांगत नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर एका सेन्सरचा दिवा हिरवा आहे म्हणून पूर्ण यंत्र ठीक आहे, असे होत नाही.

जगात काय घडले ते थोडक्यात. डिसेंबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात अमेरिकेत सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांत डोळ्याच्या सिफिलिसचे १२ रुग्ण नोंदले गेले. तिथल्या आरोग्य यंत्रणेने शोध घेतला तेव्हा दोन वर्षांत २० राज्यांतून २००हून अधिक रुग्ण निघाले. बहुतेक जण एचआयव्हीसोबत जगणारे पुरुष होते आणि काहींची दृष्टी कायमची गेली. २०२२ मध्ये मिशिगन राज्यात मात्र पाच महिलांना डोळ्याचा सिफिलिस झाला, पाचही जणींना एचआयव्ही नव्हता आणि पाचही जणींचा जोडीदार एकच होता. त्याच्या स्वतःच्या डोळ्याला काही झाले नव्हते. तेव्हा 'हा अमुक लोकांचा आजार' हे वाक्य तिथेच सोडून द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात १५ ते ४९ वयोगटात सुमारे ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला.

डोळे आलेत की आणखी काही?

२०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल. तेव्हापासून लाल डोळा दिसला की घरी, चौकात, मेडिकलवर एकच निदान होते: 'डोये आले असतीन, थेंब टाकून घे.' बहुतेक वेळा ते बरोबरही असते. फरक असा ओळखता येतो. डोळे येतात तेव्हा चिपडे येतात, पाणी येते, खाज येते, पापण्या चिकटतात, पण चिपडे पुसले की नीट दिसते. आतली सूज असेल तर चिपडे फारसे नसतात. उजेड सहन होत नाही, डोळा आतून ठणकतो, दिसायला धूसर होते, नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळे तरंगते, कधी प्रकाशाच्या रेघा चमकतात. मागच्या पडद्यालाच सूज असेल तर डोळा लालही होत नाही, दुखतही नाही, फक्त दिसणे कमी होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून महिनाभर काढणारे याच गटातले.

मेडिकलवरून मिळणाऱ्या थेंबांचा प्रश्न इथे गंभीर होतो. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली लगेच उतरते आणि माणसाला बरे वाटते. युव्हिआयटिसच्या उपचारात डॉक्टर स्वतःही स्टिरॉइड वापरतात, पण सोबत मूळ कारणावर औषध असेल तरच. सिफिलिसचा जंतू तसाच ठेवून नुसते स्टिरॉइड दिले, तर वर शांत दिसणाऱ्या डोळ्यात आत नासधूस चालू राहते.

चाचणी कोणती आणि तिचा रिपोर्ट कसा वाचायचा?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो.

चाचण्या दोन प्रकारच्या. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही पहिली. ती थेट जंतूला ओळखत नाही. जंतूमुळे शरीरात जे नुकसान होते, त्याच्या प्रतिसादात तयार झालेल्या प्रतिपिंडांना ओळखते. स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात होते. टीपीएचए ही दुसरी. ती जंतूविरुद्धची खास प्रतिपिंडे शोधते. ती एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांमध्ये आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, उपचार पूर्ण होऊनही. म्हणून टीपीएचए सांगते 'कधीतरी झाला होता' आणि व्हीडीआरएलचा आकडा सांगतो 'सध्या काय चालले आहे'. निदानासाठी दोन्ही लागतात.

तो आकडा म्हणजे टायटर. रक्तातला द्रव दरवेळी निम्मा पातळ करत जातात: १:२, १:४, १:८, १:१६, १:३२, १:६४. किती पातळ केल्यावरही प्रतिक्रिया दिसते, तो तुमचा आकडा. म्हणजे हा दोनच्या घातांचा खेळ आहे. १:१६ वरून १:८ झाले तर डॉक्टर त्याला सुधारणा धरत नाहीत, कारण एका पायरीचा फरक चाचणीच्या चुकीतही बसतो. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट फरक पडला तरच तो खरा बदल.

यात एक सापळा असा की टायटर फारच जास्त असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. याला प्रोझोन परिणाम म्हणतात. प्रतिपिंडे इतकी जास्त असतात की प्रतिक्रियेचे दिसणारे गुठळ्यांचे जाळेच बनत नाही. मोबाइलचा कॅमेरा थेट सूर्याकडे धरला की फोटो नुसता पांढरा येतो, तसे काहीसे. एचआयव्ही असलेल्यांमध्ये हे घडण्याची शक्यता अधिक सांगितली जाते. उपाय सोपा आहे, प्रयोगशाळेने नमुना पातळ करून पुन्हा बघायचा. पण तसे करा म्हणून सांगायला कुणाला तरी शंका यावी लागते. डोळ्याचे चित्र सिफिलिसकडे बोट दाखवत असेल आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल, तर 'नमुना पातळ करून बघितला का?' हा प्रश्न रुग्णानेही विचारायला हरकत नाही.

उलट सापळाही आहे आणि तो वर्ध्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखा. व्हीडीआरएल सिफिलिस नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते: गरोदरपणात, मलेरियात, काही सांधेदुखीच्या आजारांत आणि कुष्ठरोगात. कुष्ठरोग आणि आपला जिल्हा यांचे नाते जुने आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत असत. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ पासून वर्ध्यात आहे. कुष्ठरोगही डोळ्याला अपाय करतो. म्हणजे डोळा सुजलेला, व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आणि कारण भलतेच, असे इथे होऊ शकते. म्हणूनच टीपीएचए केल्याशिवाय कुणाच्या कपाळावर सिफिलिसचा शिक्का मारू नये. आणि हेही खरे की ज्या रोगाच्या नावाने घरदार सुटायचे, त्या रोगाच्या माणसाला जवळ बसवायचे काम या जिल्ह्याने केले आहे. सिफिलिसच्या वाट्याला तो मोकळेपणा अजून आलेला नाही.

इलाज आहे, मग अडते कुठे?

पेनिसिलीन. १९४३ पासून सिफिलिसवर हेच औषध वापरले जाते आणि सिफिलिसच्या जंतूने आजपर्यंत त्याला दाद न देण्याची कला शिकलेली नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनला मात्र तो अनेक देशांत सरावला आहे. त्यामुळे गोळीवर भागेल का, हा प्रश्न डोळ्याच्या बाबतीत विचारूच नये.

साध्या सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटचे कंबरेतले इंजेक्शन पुरते. सरकारी सुरक्षा क्लिनिकमधल्या रंगीत किटांपैकी पांढऱ्या, ३ क्रमांकाच्या किटमध्ये तेच असते. पण हे इंजेक्शन डोळ्यात आणि मेंदूत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. म्हणून डोळ्याच्या सिफिलिसला मज्जासंस्थेच्या सिफिलिससारखेच औषध द्यावे लागते: शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलीन, दिवसाला १८० ते २४० लाख युनिट, १० ते १४ दिवस. दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट.

कॅल्क्युलेटर काढू. १० लाख युनिटची एक कुपी धरली तर दिवसाला २४ कुप्या आणि १४ दिवसांच्या ३३६. औषध महाग नाही. महाग आहे ती खाट आणि रात्री दोन वाजता व सकाळी सहा वाजता सलाइन लावायला जागी असणारी नर्स. आणि सगळ्यात महाग रुग्णाचे १४ दिवस. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती; त्या हिशेबाने १४ दिवसांचे ४,१५८ रुपये बुडतात, सोबत थांबणाऱ्याचे वेगळे. कापूस वेचणीच्या दिवसांत आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या माणसाला 'भरती व्हा' सांगणे म्हणजे काय, हे शहरात बसून कळत नाही. वर घरी काय सांगायचे? 'डोळ्यासाठी १४ दिवस कशाला लागतात?' असा प्रश्न सासू, शेजारी, मुकादम, सगळेच विचारणार.

दुसरी अडचण पेनिसिलीनच्या भीतीची. रिअ‍ॅक्शनच्या धास्तीने अनेक खासगी दवाखाने ते ठेवतच नाहीत. अ‍ॅलर्जी खरी असते आणि ती जिवावर बेतू शकते, म्हणून हे इंजेक्शन तयारी असलेल्या ठिकाणीच घ्यायचे. पण 'मला पेनिसिलीन चालत नाही' असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासल्यावर ती अ‍ॅलर्जी नसल्याचे निघते. शिवाय पहिल्या २४ तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो. ती अ‍ॅलर्जी नसते. जंतू एकदम मरू लागल्याची ती प्रतिक्रिया असते आणि ती उतरते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून पळतो. पेनिसिलीन देणे शक्यच नसेल तर डॉक्टर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखा पर्याय निवडतात, पण पहिली पसंती तीच.

विरोधाभास बघा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली ती पेनिसिलीन सामान्य माणसाला परवडावे म्हणून. औषध परवडू लागले, ते घेण्याची सोय मात्र परवडत नाही.

दोन खिडक्यांमधले अंतर

वर्धा जिल्हा या बाबतीत खरे तर भाग्यवान. जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी मेघेला दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेत्रविभाग, त्वचा व गुप्तरोग विभाग, प्रयोगशाळा, सगळे एकाच आवारात. अनेक जिल्ह्यांत यातले एकही नाही.

तरी रुग्ण हरवतो तो आवारातल्या आवारात. एआरटीच्या खिडकीवर वजन, गोळ्या, टीबीची लक्षणे विचारली जातात, 'दिसते कसे?' हा प्रश्न राहून जातो. डोळ्याच्या ओपीडीत रुग्ण एचआयव्हीबद्दल बोलत नाही. का बोलावे त्याने? मागे दहा माणसे रांगेत उभी असतात. २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला तो मनाई करतो. कायदा आहे, पण ओपीडीत पडदा नाही.

माझे म्हणणे दोनच गोष्टींचे आहे. एआरटीच्या खिडकीवर दर भेटीला डोळ्याचा एक प्रश्न आणि वर्षातून निदान एकदा सिफिलिसची चाचणी, लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या प्रत्येकाची, विचारपूस न करता. आणि डोळ्याच्या ओपीडीत आतली सूज दिसली की टीबीच्या तपासण्यांच्या जोडीनेच सिफिलिसची आणि, संमतीने, एचआयव्हीची चाचणी. कुणाचा संशय घेऊन नव्हे, सगळ्यांची. डोळ्याच्या तक्रारीवरून आधी सिफिलिस आणि मग एचआयव्ही कळला, अशी उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. निवडून तपासले की शरम येते. सरसकट तपासले की ती फक्त एक बाटली रक्त असते. गरोदर महिलांची एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी अशीच सरसकट होते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

'इतक्या चाचण्या करून पॉझिटिव्ह किती निघणार?' असा आक्षेप येईल. थोडेच निघतील. पण हा अंधत्वाच्या अशा मोजक्या कारणांपैकी एक आहे जे वेळेत सापडले तर जुन्या, स्वस्त औषधाने थांबते आणि गेलेली नजर बऱ्याच जणांना परतही मिळते. उशीर झाला, पडदा किंवा नस सुकली, तर जंतू मरतो पण दिसणे परत येत नाही.

घरी आल्यावर

जोडीदाराची तपासणी झाली नाही तर उपचार अर्धाच झाला. सिफिलिस एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. कितीही वेळा होऊ शकतो. घरी कसे सांगायचे हा प्रश्न अवघड आहे आणि त्यासाठी आयसीटीसीमधले समुपदेशक असतात. बोलायला तिथे जाणेही नको वाटत असेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, नाव सांगावे लागत नाही.

सुटी मिळाल्यावर रिपोर्टचे कागद फेकू नका. एचआयव्ही असलेल्यांनी उपचारानंतर ३, ६, ९, १२ आणि २४ महिन्यांनी व्हीडीआरएल पुन्हा करायची असते. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि तीच चाचणी, कारण व्हीडीआरएलचा आकडा आरपीआरच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. पहिला टायटर १:६४ असेल तर तो १:१६ किंवा त्याखाली यायला हवा. दोन पायऱ्या उतरला नाही, किंवा उतरून पुन्हा दोन पायऱ्या चढला, तर डोळा ठीक वाटत असला तरी डॉक्टरांना दाखवा. पहिल्या रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी ओपीडीत तुमच्याआधी तोच मागितला जाईल.